कमानपाट्याच्या सुरीची धार टिचते, म्यानात गंज धरतो. कुठं चुकतंय?

कमानपाटा_करवीर

शिकारी घाटाची सुरी केलीय, ड्रॉप पॉइंट (पाठ टोकाकडे उतरती), फुल टँग (पात्याचं पोलाद मुठीतून शेवटपर्यंत गेलेलं). पातं १०५ मिमी लांब, २८ मिमी उंच, पाठीला ४ मिमी जाड. मूठ ११५ मिमी, शिसवाच्या फळ्या, ६ मिमी पितळी सळईच्या दोन पिना. वापर शेतावरचा: दोर, वेळू, वर्षातून चार-पाच वेळा बकरं सोलणं.

पोलाद जुन्या ट्रकचा कमानपाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी. लोहाराकडून तापवून सपाट करून घेतला. पाणी (तापवून, बुडवून कडक करणं) कोळशाच्या शेगडीत दिलं: चांगला लालभडक केला, चुंबक चिकटेना झालं, त्यानंतरही दोन-तीन मिनिटं भात्यावर ठेवला आणि साध्या पाण्यात बुडवला. कानस घसरते, म्हणजे कडक झालाय. नंतर घरच्या ओव्हनमध्ये १५० ला अर्धा तास.

आता तक्रारी. एक, वेळूच्या पेरावर मारलं की धारेचे बारीक तुकडे उडतात, अर्धा-पाऊण मिमीचे. दोन, म्यान चपलेच्या कातड्याचं, अडीच मिमी, दुमडून एका बाजूनं शिवलेलं. तोंडाजवळचे तीन टाके सुरीनंच कापले. तीन, आषाढात सुरी म्यानात राहिली तर पात्यावर गंजाचे ठिपके आणि कातड्याला आतून काळे डाग. चपलेचं कातडं म्यानाला चालतच नाही का? आणि हीच सुरी वाचवता येईल का, की नवीन पट्टी घ्यावी?

---

टूलरूम_उद्यमनगर

धार टिचण्याचं कारण धारेत शोधू नका, ते शेगडीत आहे. तुमच्या वर्णनात तीन चुका दिसतात आणि तिन्ही एकाच दिशेनं ढकलतात.

पहिली, पाणी. ट्रकचा पाटा बहुतेक एन ४५ किंवा त्याच्या जवळचा असतो: कार्बन ०.५ ते ०.६ टक्के, सिलिकॉन पावणेदोन-दोन टक्के. हे तेलात कडक होणारं पोलाद. विळ्या-खुरप्याला लोहार पाण्यात पाणी देतो ते चालतं, कारण त्यात कार्बन कमी असतो आणि तो नुसती धार क्षणभर बुडवून बाकीच्या उष्णतेवर रंग परतू देतो. ४ मिमीचा आख्खा पाटा थंड पाण्यात गेला की बाहेरचा थर आधी कडक होतो, आतलं पोलाद नंतर कडक होताना फुगतं आणि बाहेरच्या थराला ताणतं. कधी टिक्कन आवाज येतो, कधी आवाज न करता केसासारखी चीर पडते.

दुसरी, जादा तापवणं. चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतं. एन ४५ ला ८५० ते ८७० लागतात, म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग आणखी दोन छटा उजळ, सावलीत बघितला तर नारिंगीकडे झुकलेला लाल. त्या रंगावर मिनिट-दीड मिनिट पुरे. भाता सुरूच ठेवून दोन-तीन मिनिटं काढलीत तर टोक आणि धार, म्हणजे जिथं पोलाद पातळ आहे तिथं, सहज हजाराच्या पुढं जाते. मग दाणा, म्हणजे पोलादाची आतली कणी, वाढतो. गुळाला कणी चांगली, पोलादाला नाही.

दाणा बघायचा उपाय फुकटचा आहे. त्याच पाट्याचा बोटाएवढा तुकडा त्याच पद्धतीनं तापवून बुडवा, टेंपर (कडक झाल्यावर मंद तापवून ठिसूळपणा कमी करणं) करू नका, फडक्यात गुंडाळून वाईसमध्ये धरा आणि हातोडीनं तोडा. डोळ्याला चष्मा हवाच. तुटलेली कड राखाडी, मखमलीसारखी मंद दिसली तर बरोबर. साखरेसारखी चकाकली तर पोलाद जादा तापून दाणा वाढलाय. कानस घसरते एवढ्यावर जाऊ नका. कानस फक्त कडकपणा सांगते, दाणा सांगत नाही. उलटही होतं: कोळशात वरच्या थरातला कार्बन जळतो आणि कानस त्या कातडीत चावते, आत मात्र पोलाद कडक असतं. म्हणून आधी थोडं घासून मगच कानस लावायची.

तिसरी, टेंपर. १५० ला अर्धा तास म्हणजे जवळजवळ काहीच नाही. पातं हाताला सोसेल इतपत कोमट झालं की लगेच ओव्हनमध्ये, २०० अंश, दोन तास. बाहेर काढून पूर्ण थंड करा आणि पुन्हा दोन तास. कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५७ च्या आसपास बसेल. वेळूच तोडायचे असतील तर २२०. घरच्या ओव्हनचा काटा वीस-तीस अंशांनी खोटं बोलतो, म्हणून आत ओव्हनचा वेगळा थर्मामीटर ठेवा आणि खाली दोन जाड फरशीचे तुकडे. त्यानं तापमान डोलत नाही. घासलेल्या पात्यावर फिका गवती पिवळा रंग यायला हवा. निळ्यापर्यंत नेऊ नका. तिथं पोलाद मऊ होत जातं, आणि काही जाती उलट ठिसूळच वागतात.

वाचवता येईल का? आधी चीर तपासा. मूठ काढून पातं तासभर रॉकेलमध्ये ठेवा, कोरडं पुसा, खडूची पूड चोळा आणि दहा मिनिटं थांबा. चीर असेल तर ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर ते पातं भंगारात टाका, त्यावर वेळ घालवू नका. नाही उमटली तर तीनदा नॉर्मलाइझ करा: ८७० ला नेऊन स्थिर हवेत काळं पडेपर्यंत थंड, मग ८४०, मग ८००. दाणा पुन्हा बारीक होतो. मग ८६० ला तापवून तेलात.

तेल ५ लिटर, सोयाबीन किंवा शेंगतेल, आधी ५५-६० अंशांना कोमट केलेलं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचं पांघरूण धरून ठेवतं. लोखंडी खोल डबा आणि भडकलं तर वर टाकायला लोखंडी झाकण. जळकं इंजिन ऑइल वापरू नका, धूर विषारी. पातं टोकाकडून सरळ आत, नंतर वरखाली किंवा धार-पाठ या दिशेनं हलवायचं. आडवं हलवलंत की केळ्यासारखं वाकणार. दहा-पंधरा सेकंदांत वर काढून वाक दिसला तर हातमोजे घालून लगेच सरळ करा, पोलाद अजून पुरतं कडक झालेलं नसतं. थंड झाल्यावर सरळ करायला गेलात तर तुटेल.

नवीन पट्टीच घ्यायची तर जुन्या पाट्यापेक्षा कमानवाल्याकडचा न वापरलेला कटपीस घ्या. गाडीखाली लाखो वेळा वाकलेल्या पाट्यात थकव्याच्या चिरा आधीच असतात. पोलादाच्या दुकानात ओएचएनएस (तेलात कडक होणारं हत्यारांचं पोलाद) मिळेल, धार सुरेख धरतं, ८०० अंश आणि तेल. पण त्याला त्या तापमानावर पाच-दहा मिनिटं स्थिर ठेवावं लागतं आणि कोळशाच्या शेगडीत ते हातातून निसटतं. ते घेतलंत तर शिरोली किंवा गोकुळ शिरगावला हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या, चिठ्ठीवर पोलादाचं नाव आणि ‘५९ ते ६० रॉकवेल सी’ लिहा. पिनांची भोकं आधीच पाडा, नंतर ड्रिल लागत नाही. एन ८ घेऊ नका, ०.४ टक्के कार्बनात शाफ्ट होतात, सुऱ्या नाहीत.

---

निसणा

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त एक भर. धार किती पातळ ठेवून पाणी दिलं ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि निम्मी वाट तिथंच लागते. पाणी देण्याआधी धारेवर ०.६ मिमी जाडी राहिली पाहिजे. आधीच कागदासारखी केली तर ती आधी तापते, जळते आणि बुडवताना लाटेसारखी वळते.

मध्यरेषा मारायला ४ मिमीचं ड्रिल बिट घ्या. धारेच्या कडेला मार्कर फासा, पातं सपाट काचेवर आडवं ठेवा, बिटही शेजारी आडवं ठेवा. बिटाचं टोक बरोबर २ मिमी उंचीवर असतं. ते कडेवर ओढलं की मधोमध रेघ. त्या रेघेच्या दोन्ही अंगाला ०.३ मिमीवर एकेक समांतर रेघ ओढा आणि कानस त्या रेघांपाशी थांबवा. २८ मिमी उंचीत ४ मिमीवरून ०.६ वर यायचं म्हणजे प्रत्येक बाजूला साधारण साडेतीन अंशांचा उतार.

आता तुमची धार वापरून ०.३ ची झाली असेल, तर पुन्हा शेगडीत घालण्याआधी ती मागं घ्यावी लागेल. या उतारावर ०.६ मिळवायला उंचीतून अडीच मिमी जातात. २८ ची साडेपंचवीस होईल. चालतंय की.

पातं जिथं मुठीला मिळतं तिथला कोपरा काटकोनात ठेवू नका. ६ मिमी गोल कानशीनं आत गोलाई द्या. चीर पहिली तिथून निघते. कानशीचे आडवे ओरखडेही १२० च्या पॉलिश पेपरनं उभे करून घ्या, त्याच कारणासाठी.

टेंपरनंतर ग्राइंडरवर उघड्या हातानं धरा, हातमोजा नको. बोटाला चटका लागला की पाण्यात. टोकाला निळा डाग आला म्हणजे तेवढं टोक मऊ पडलं, परत टेंपर करून ते कडक होत नाही. शेवटी धार दर बाजूला २० अंश. सोलायला १७ छान लागते, पण वेळूवर मारणार असाल तर २० च्या खाली येऊ नका. खरं तर एका सुरीनं बकरंही सोलायचं आणि वेळूही तोडायचा हा हट्टच चुकीचा. वेळूला कोयता आहे.

---

रापी_आरी

म्यानाचं बोलतो. चपलेचं कातडं चालतं का, तर चालतं, पण कुठलं ते बघून. कोल्हापुरी चपलेचं तळाचं कातडं म्हशीचं, बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं. म्यानाला हवं ते हेच, कारण झाडपाल्यात कमावलेलं कातडं ओलं करून दाबलं की सुकल्यावर तो आकार धरून ठेवतं. क्रोमचं मऊ कातडं आकार धरत नाही, आणि त्यात उरलेले क्षार पोलादाला गंजवतात. पट्टा-पर्सच्या दुकानातून आणलेला तुकडा कोणता हे कळत नसेल तर त्याची १० मिमीची पट्टी उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका. झाडपाल्याचं कातडं आखडून वेटोळं होतं, क्रोमचं जसंच्या तसं राहतं.

तुमचे काळे डाग हे गंज नव्हेत, शाई आहे. हिराकस आणि हिरडा यांची काळी शाई पूर्वी दौतीत असायची, तीच इथं तयार झाली: कातड्यातला हिरडा-बाभळीचा अंश, पात्याचं लोखंड आणि ओल. कोरड्या कातड्यात हा डाग पडत नाही. म्हणजे डाग जिथं आहे तिथं पाणी होतं, एवढं तो अचूक सांगतो. डाग टोकाशी जास्त असेल तर म्यानात वरून पाणी शिरून तळाला साचतंय. टोकाला शिलाई संपते तिथं ३ मिमीचं निचऱ्याचं भोक ठेवा. पात्यावरचे ठिपके ६०० च्या पेपरला मशीनचं तेल लावून घासा. खड्डा पडला असेल तर तो जात नाही, फक्त वाढायचा थांबतो.

टाके कापले गेले कारण मधे वेल्ट नाही. म्यान म्हणजे दोन पदर नव्हेत, तीन. मधली पट्टी धारेच्या वळणानुसार कापायची, पात्याच्या जाडीएवढी, तुमच्या बाबतीत ४ मिमी. सुरी आत जाताना धार दोऱ्यावर न घासता या पट्टीवर घासते. रुंदी सगळीकडे १० मिमी, पण तोंडाशी १४ ठेवा, कारण आत घालताना हात वाकडा पडतो तो तिथंच. तळाचं कातडं ठोकून कडक केलेलं असतं, ते वेल्टला उत्तम. दुमडायच्या अंगाला ते घेऊ नका, १८० अंशात मोडलं की बाहेरच्या गुळगुळीत बाजूनं तडकतं. अंगाला ३ मिमीचं, न ठोकलेलं, जनावराच्या पाठीचा भाग. पोटाकडचं कातडं स्वस्त देतील. ओढलं की लांबतं, चार महिन्यांत म्यान सैल होतं.

माप असं. पाठीवर दुमड, एका बाजूचा हिशेब: पात्याची उंची २८, पाठीच्या जाडीची निम्मी २, वळणाला ४, वेल्ट १०. झाले ४४. दोन्ही बाजू ८८, कापताना ९२ घ्या, जास्तीचं नंतर रापीनं जातं. लांबी पातं १०५, टोकाला १०, मुठीवर चढायला ४५, म्हणजे १६०. कागदाचा साचा करून सुरी त्यात घालून बघा, मगच कातड्याला हात लावा.

दुमडीच्या रेषेवर आतून रापीनं अर्धा मिमी उतरवून घ्या. पट्ट्याचा लूप आधी शिवा, म्यान बंद झाल्यावर आत हात जात नाही. मग कातडं कोमट पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबले की बाहेर. वेल्टच्या जागी फक्त १० मिमीच्या पट्ट्यात फेविकॉल एसआर, दोन्हीकडे, दहा-पंधरा मिनिटं सुकवून, पण हे कातडं कोरडं असतानाच. ओल्यावर एसआर धरत नाही. म्हणून क्रम: आधी पाण्यानं नुसती दुमड घालून एक रात्र सुकवा, मग चिकटवा आणि शिवा, मग पुन्हा ओलं करून आकार द्या.

भोकं कडेपासून ४ मिमीवर, दर ५ मिमीला. तिन्ही पदर मिळून १० मिमी होतात, त्यातून आरी सरळ काढणं जमत नसेल तर दीड मिमीचं ड्रिल वापरा, कुणी हसणार नाही. शिलाई एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून, प्रत्येक भोकातून दोन्ही सुया. शिलाईच्या चौपट दोरा घ्या असं सांगतात, ते पातळ कातड्याला. इथं १५० मिमी शिलाईत ३० टाके. प्रत्येक टाक्याला प्रत्येक सुई ५ मिमी पुढं आणि १० मिमी आरपार जाते. म्हणजे एका सुईला ४५ सेंमी, दोन्हींना ९०, वर सुया ओढायला फूटभर फूटभर. दीड मीटर कापा. चौपटीनं साठ सेंमी घेतला तर निम्म्यात संपतो आणि गाठ मधे येते. दोरा ०.८ मिमी मेण लावलेला नायलॉन. सुती दोरा ओलीत कुजतो.

आकार देताना सुरीवर तेलाचा हात फिरवून स्वयंपाकघरातली चिकट प्लॅस्टिक फिल्म दोनदा गुंडाळा आणि आत घाला. चमच्याच्या दांड्यानं मुठीच्या खांद्याभोवती दाबत जा. म्यान सुरी धरून ठेवतं ते तिथंच, पात्यावर नव्हे. सावलीत २४ तास. उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवलं तर आखडून लाकूड होतं. शेवटी एक भाग मधमाशीचं मेण, दोन भाग तिळाचं तेल, वितळवून बाहेरून पातळ हात. तेल जास्त पाजलं की कातडं मऊ पडतं आणि दिलेला आकार सोडतं.

हे सगळं करूनही मिरगापासून दसऱ्यापर्यंत सुरी म्यानात ठेवू नका. म्यान फिरायला आहे, कपाटाला नाही. सुरी मेण फासून वर्तमानपत्रात, म्यान शेजारी मोकळं. गगनबावड्याकडच्या हवेत स्टेनलेसलाही डाग पडतात, तुमचा तर पाटा आहे.

---

कमानपाटा_करवीर

तुकडा तोडून बघितला. साखर. रॉकेल-खडूला रेघ मात्र उमटली नाही, म्हणजे त्याच पात्याला पुन्हा पाणी देतोय. फळ्या काढताना एक फुटली, त्यामुळे मूठ नवीनच. गावात एकाकडे सांबरशिंगाचा तुकडा आहे, जुना, गळून पडलेला. तो मुठीला चालेल का? आणि ही सुरी कमरेला लावून दाजीपूरला नेली तर अडचण येते का?

---

टूलरूम_उद्यमनगर

दोन्हीला नको. सांबरशिंग गळालेलं असो वा जुनं, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली त्याची खरेदी-विक्री चालत नाही, आणि घरात सापडलं तरी अंगाशी येतं. शिंगच हवं तर म्हशीचं घ्या, ते कायदेशीर. पण शिंग ओलीनं हलतं, आणि घासताना मास्क लावा. कष्टाच्या सुरीला माझं मत हायलम शीट, कापडी थराची, इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते, ८ मिमी. फुगत नाही, तडकत नाही. शिसवच हवं असेल तर वर्षभर सुकलेलं घ्या आणि जवसाच्या तेलाचे तीन-चार हात द्या. तेलाची फडकी चोळामोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात. उलगडून वाळत घाला.

चिकटवण्याआधी फळ्यांची पात्याकडची कड पूर्ण पॉलिश करून घ्या, नंतर तिथं पेपर पोचत नाही. टँग ६० च्या पेपरनं खरवडा, थिनरनं पुसा, २४ तासांचं अरल्डाइट, पाच मिनिटांचं नको. क्लँप हलका, जोर लावला की सगळं अरल्डाइट बाहेर आणि आत कोरडा सांधा. तुमची फळी नेमकी कशी सुटली? पूर्ण स्वच्छ सुटली असेल तर तेच झालं होतं.

दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत सुरीसुद्धा शस्त्रच आहे. नाक्यावर गाडीत सापडली तरी प्रश्न. शस्त्र नियम २०१६ मधली मर्यादा वेगळी, पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद. तुमचं त्यात खूप खाली आहे. तरी जिल्ह्यात पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) चा बंदी आदेश लागू असेल तेव्हा कमरेला लावून गावातही फिरू नका. शेतावर न्या, शेतावरून आणा, पिशवीत.

---

कमानपाटा_करवीर

फळी स्वच्छच सुटली, टँगवर अरल्डाइटचा थेंब नाही. दोन सी-क्लँप करकचून आवळले होते. हायलम घेतो. ८ मिमीच्या दोन आणि मधे ४, म्हणजे मूठ २० मिमी जाड, जास्त नाही ना होत?

---

निसणा

घासून मधे १८ वर आणि दोन्ही टोकांना २० राहू द्या. आडवा छेद गोल ठेवू नका, अंड्यासारखा ठेवा, निमुळता भाग धारेच्या बाजूला. अंधारात हात घातला तरी धार कुठं आहे ते तळव्याला कळतं.